पीतसम्राटाचा वैद्यकग्रंथ

चीन आणि वैद्यक हीं दोन नांवें एकत्र उच्चारलीं कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढें सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उभे राहतात. १९३८ सालीं हिंदी वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत रणभूमीच्या आसपासच राहिले, आणि १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच त्यांनीं देह ठेवला. शांताराम यांनीं १९४६ सालीं त्यांच्या चरित्रावर काढलेला बोलपट पुष्कळांस ठाऊक असतो. त्यांची विद्या मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मिळविलेली, पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकाची होती. सुया टोचून रोग बरे करण्याच्या चिनी विद्येशीं तिचा संबंध नव्हता. परंतु त्याच पथकांतील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनीं पुढें पुन्हां चीनला जाऊन ती विद्या शिकून घेतली, आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यास तिचें बीज पेरलें. कोटणिसांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या संस्थांनीं तिचा प्रसार केला. अशा रीतीनें ही सूचिचिकित्सा आमच्याकडे आली ती एका सत्पुरुषाच्या स्मृतीचा हात धरून. स्नेहाच्या वाटेनें आलेल्या पाहुण्याची कोणी झडती घेत नाहीं, हें खरें. पण पाहुणा घरांतील आजाऱ्याच्या उशाशीं बसूं लागला म्हणजे त्याचें कूळ आणि शील विचारणें भागच पडतें.

आमच्याकडे या विद्येविषयीं जें लिहिलें-बोललें जातें त्यांत बहुधा दोनच सूर ऐकूं येतात. एक, ‘पांच हजार वर्षांची विद्या’ म्हणून हात जोडणारा. दुसरा, निव्वळ भोंदूगिरी म्हणून नाक मुरडणारा. या दोहोंपैकीं फारच थोड्यांनीं तिचा मूळ ग्रंथ उघडून पाहिलेला असतो. तो ग्रंथ काय आहे, त्याची योग्यता कोणती, आणि त्याच्या नांवावर आज जें चालतें त्याशीं त्याचा संबंध कितपत, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

‘ह्वांगदी नेइजिंग’, म्हणजे ‘पीतसम्राटाचा अंतर्ग्रंथ’, हें त्या ग्रंथाचें नांव. त्याचे दोन भाग आहेत: पहिला ‘सू-वेन’ आणि दुसरा ‘लिंग-शू’. प्रत्येकांत ८१ अध्याय. पहिल्यांत आरोग्य, ऋतुचर्या, रोगांचीं कारणें व नाडीपरीक्षा यांचा विचार मुख्य आहे. दुसऱ्यांत सुईच्या उपचाराचा. परंपरा या सम्राटास इसवी सनापूर्वीं २७ व्या शतकांत नेऊन बसविते, आणि पांच हजार वर्षांचा तो आंकडा तेथूनच निघाला आहे. परंतु हा सम्राट आपल्याकडील मनूप्रमाणें पौराणिक पुरुष होय. ग्रंथ अनेक हातांचा असून त्याचा बराचसा भाग इसवी सनापूर्वीं दुसऱ्या व पहिल्या शतकांत रचला गेला, असें चिनी विद्येचे आजचे पंडित मानतात. हान राजवंशाच्या इतिहासांत जी ग्रंथसूचि आहे तींत त्याचें नांव प्रथम आढळतें. ‘सू-वेन’ आज ज्या क्रमानें वाचावयास मिळतो तो क्रम इ. स. ७६२ मध्यें वांग बिंग नांवाच्या भाष्यकारानें लावला. दोन अध्याय हरवलेलेच राहिले, आणि कालचक्र व हवामान यांविषयींचे सात लांबलचक अध्याय त्यानें नव्यानें आंत घातले. चरकसंहितेस जसा दृढबल भेटला तसा या ग्रंथास वांग बिंग भेटला, असें म्हटल्यास आमच्या वाचकांस गोष्ट झटकन समजेल.

जमिनीच्या पोटांतून निघालेला पुरावाही हेंच सांगतो. हूनान प्रांतांतील मावांगद्वी येथें इसवी सनापूर्वीं १६८ मध्यें बंद केलेलें एक थडगें १९७३ सालीं उघडण्यांत आलें. त्यांत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख सांपडले. शरीरांतून वाहणाऱ्या वाहिन्यांचें वर्णन त्यांत आहे; पण त्या वाहिन्या बारा नसून अकरा आहेत, त्या एकमेकींस जोडलेल्या नाहींत, आणि त्यांवरचा उपाय सुई हा नसून डाग हा आहे. दवण्याच्या कुळांतील एका वनस्पतीचा वाळलेला चुरा कातडीवर किंवा कातडीजवळ जाळावयाचा, ही ती रीति. आमच्या खेड्यांत आजही कोणी पोटदुखीवर डागणी देतो, त्याची आठवण व्हावी. उलट इसवी सनापूर्वीं ११३ मध्यें वारलेल्या ल्यू शेंग या राजपुत्राच्या थडग्यांत सोन्याच्या चार व रुप्याच्या पांच सुया मिळाल्या आहेत. म्हणजे या अर्धशतकाच्या आगेंमागेंच केव्हां तरी सुई वैद्याच्या हातीं प्रतिष्ठित झाली असावी. दोन हजार वर्षें हें वय कांहीं थोडें नव्हे. तें फुगवून पांच हजार करण्याची गरज ज्यांना वाटते त्यांचा ग्रंथाच्या गुणांवर विश्वास कमी असावा.

आणि ग्रंथास गुण आहेत. त्याची मांडणी संवादाची आहे. सम्राट प्रश्न विचारतो, आणि ची-बो नांवाचा त्याचा मंत्री व क्वचित् इतर जाणते पुरुष उत्तरें देतात. ‘लिंग-शू’चा आरंभ विशेष हृद्य आहे. सम्राट म्हणतो, त्याचा आशय असा, कीं प्रजेस मी पोटच्या पोरांप्रमाणें मानतों आणि तिच्याकडून करही घेतों. तिला पुरेसें मिळत नाहीं, वर रोग जडतात, याचें मला दुःख होतें. जहाल औषधें आणि दगडी शस्त्रें यांवांचून, बारीक सुईनें तिचें रक्त व प्राण मोकळे करतां येतील काय? वैद्यकाच्या ग्रंथास करवसुलीच्या जाणिवेनें आरंभ झालेला दुसरा आमच्या वाचनांत नाहीं. जो घेतो त्यानें द्यावेंही, या राजधर्माच्या भावनेंतून येथें चिकित्सा जन्म घेते.

पुढें नऊ प्रकारच्या सुयांचें वर्णन येतें, आणि तें आजच्या सूचिचिकित्सकांनीं अवश्य वाचावें. एक बाणाच्या टोंकासारखी, एक अंड्यासारख्या गोल टोंकाची व केवळ चोळण्यासाठीं, एक तिधारी. एक तर तरवारीच्या पात्यासारखी, चार चिनी इंच लांब व पाव इंच रुंद, पू काढण्यासाठीं. एक सात इंच लांब, खोल गेलेल्या वेदनेसाठीं. आणि एक जाड, सांध्यांत सांचलेलें पाणी काढण्यासाठीं. केसासारखी बारीक सुई ही या नवांपैकीं केवळ एक. ‘लिंग-शू’च्या कर्त्यांची विद्या म्हणजे बरीचशी हातची शस्त्रक्रिया, रक्त काढणें, गळूं फोडणें अशी होती, आमच्या न्हाव्याची फासणी आणि वैदूची तुंबडी यांची ती सुशिक्षित बहीण. नऊ सुयांतून आठ गळाल्या आणि एक उरली, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. ती पुढें उपयोगी पडेल.

ग्रंथाचा दुसरा गुण त्याचा प्रामाणिकपणा. ‘सू-वेन’चा ५२ वा अध्याय सुईच्या अपघातांचा आहे. हृदयास सुई लागली तर रोगी एका दिवसांत मरतो, फुप्फुसास लागली तर तीन दिवसांत, असें तो स्पष्ट सांगतो. दिवसांच्या आंकड्यांविषयीं कोणी हुज्जत घालावी. पण हें लिहिणाऱ्यानें आपल्या धंद्यांतील मरणें पाहिलीं होतीं यांत संशय नाहीं. फुप्फुसास सुई लागून छातींत हवा शिरणें हा आजही या चिकित्सेचा एक सर्वांत गंभीर अपघात मानला जातो. आपल्या शास्त्राची हानि जो स्वतःच नोंदवितो तो ग्रंथकार भोंदू नव्हे.

तिसरा गुण कल्पनेचा, आणि दोषही तेथूनच सुरू होतो. या ग्रंथास शरीर हें राज्यासारखें दिसतें. हृदय हा राजा, फुप्फुस हा मंत्री, यकृत हा सेनापति. प्रत्येक अवयवाला एक हुद्दा. वाहिन्या या नद्या व कालवे. ‘लिंग-शू’च्या १२ व्या अध्यायांत बारा वाहिन्यांची बारा नद्यांशीं नांवनिशीवार जोडी लावली आहे. धान्य कोठारांत जातें, तेथून जलमार्गानें सर्वत्र पोंचतें, वाट तुंबली कीं एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ. इसवी सनापूर्वीं २२१ मध्यें चीनचीं भांडणारीं राज्यें एका छत्राखालीं आलीं, रस्ते व कालवे जोडले गेले, आणि त्यानंतरच्या दोन शतकांत हें शरीर कल्पिलें गेलें. पॉल उन्शुल्ड या जर्मन पंडितानें हा संबंध दाखवून दिला आहे, आणि तो मनास पटतो. रोग हा देवाचा कोप किंवा भुताची बाधा नसून व्यवस्थेंतील बिघाड आहे, हा विचार त्या काळीं केवढा धीट होता! मांत्रिकाच्या हातून रोगी सोडवून घेण्याचें श्रेय या रूपकाकडे जातें.

परंतु रूपक हें सेवक म्हणून चांगलें, धनी म्हणून वाईट. रेशमावरच्या अकरा वाहिन्यांच्या बारा झाल्या, त्या कोणास बारावी दिसली म्हणून झाल्या नाहींत. महिने बारा आणि नद्या बारा, तेव्हां वाहिन्याही बारा हव्यात म्हणून झाल्या असाव्यात. वर्षाचे दिवस ३६५ म्हणून शरीरावर सुईचीं स्थानें ३६५, असें ग्रंथ सांगतो; पण नांवानिशीं सांगतो तीं सुमारें १६०. तिसऱ्या शतकांत ह्वांगफू मी या ग्रंथकारानें तीं ३४९ पर्यंत नेलीं. १०२७ मध्यें सुंग सम्राटाच्या आज्ञेनें शिक्षणासाठीं कांशाचे पुतळे ओतले, त्यांवर ३५४ स्थानें दाखविलेलीं होतीं. वर मेण लावून व आंत द्रव भरून विद्यार्थ्याची परीक्षा घेत, सुई बरोबर लागली तर थेंब बाहेर येई. आजच्या मान्य यादींत ३६१ स्थानें आहेत. आधीं उत्तर ठरवून मग दोन हजार वर्षें बेरीज जमविण्याचा हा उद्योग पाहून हंसूं येतें, आणि मग आपल्या शरीरांतील ७२,००० नाड्यांची आठवण होऊन तें हंसूं ओठांतच राहतें.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी कीं, नद्यांची जोडी लावणारा तोच अध्याय दुसरीही एक वाट दाखवितो. आठ फुटी माणसाचें शरीर जिवंतपणीं बाहेरून मोजतां येतें आणि मेल्यावर उघडून पाहतां येतें, असें तेथें ची-बो सांगतो. दुसऱ्या एका अध्यायांत अन्नमार्गाच्या भागांचीं मापें दिलेलीं आहेत. म्हणजे उघडून पाहण्याची बुद्धि आणि आंकड्यांशीं जुळविण्याची बुद्धि या दोन्ही एकाच पानावर नांदत होत्या. पुढच्या पिढ्यांनीं दुसरी उचलली, पहिली तशीच पडून राहिली. सुश्रुतानें प्रेत पाण्यांत कुजवून थर थर पाहावयास सांगितलें, आणि आमच्या वैद्यांनींही तो अध्याय पाठ करून प्रेतास विटाळ मानला. तेव्हां चिन्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं.

त्याच काळांतील चुन्यू ई या वैद्याची हकीकत याच्या शेजारीं ठेवून पाहावी. इतिहासकार सिमा च्येन यानें आपल्या ग्रंथाच्या १०५ व्या प्रकरणांत ती जपून ठेवली आहे. या वैद्यावर आरोप होऊन त्यास अंगच्छेदाची शिक्षा व्हावयाची होती. त्याची धाकटी मुलगी टी-यिंग त्याच्यामागून राजधानीस गेली, बापाऐवजीं स्वतः दासी होण्यास सिद्ध झाली, आणि सम्राटानें इसवी सनापूर्वीं १६७ मध्यें ती शिक्षाच रद्द केली. पुढें राजाज्ञेवरून चुन्यू ई यानें २५ रोग्यांचीं टिपणें सादर केलीं. रोगी कोण, कोठला, काय दुखत होतें, नाडी कशी होती, काय दिलें, आणि शेवटीं काय झालें, तें सारें त्यांत आहे. त्यांतील अनेक रोगी दगावले आहेत. तुझें कधीं चुकतें काय, असें विचारल्यावर आपल्यास सर्वच साधत नाहीं असें तो सरळ सांगतो. ही परंपरा वाढती तर चीनच्या वैद्यकाचा इतिहास निराळा झाला असता. परंतु टिपणांपेक्षां तत्त्वज्ञान नेहमींच अधिक रुबाबदार दिसतें, आणि ‘नेइजिंग’ वैद्यकाचा वेद ठरला.

येथें चरकाशीं एक तुलना करण्याजोगी आहे. चरकसंहितेंत ऋषि जमतात, भांडतात. पुरुष आणि रोग कशापासून उत्पन्न झाले यावर एकेक आपलें मत मांडतो, दुसरा तें खोडतो, आणि शेवटीं आत्रेय निर्णय देतो. वाद कसा करावा याचें एक स्वतंत्र प्रकरणच विमानस्थानांत आहे. ‘नेइजिंग’मध्यें सम्राटासमोर मंत्री बोलतो, तेथें भांडण कसें शोभणार? पण मतभेद नाहींत असें मुळींच नव्हे. एका अध्यायाचें म्हणणें दुसरा अध्याय निमूटपणें उलटवितो, आणि दोघांच्याही तोंडीं ची-बोच असतो. मतभेद उघड मांडणारा ग्रंथ शिष्यास विचार शिकवितो. ते पोटांत घालणारा ग्रंथ भाष्यकारास कसरत शिकवितो. चीनमध्यें पुढें भाष्यांची जी रास पडली तिचें बीज या रचनेंत आहे, असें आम्हांस वाटतें.

ही विद्या मग अखंड चालत आली असेंही नाहीं. १७५७ मध्यें शू दाचुन या विद्वान वैद्यानें सुईची खरी परंपरा लुप्त झाल्याबद्दल खेद व्यक्त केला. १८२२ मध्यें राजवैद्यांच्या संस्थेंतून सुई व डाग यांस राजाज्ञेनेंच हद्दपार करण्यांत आलें, कारण तीं सम्राटाच्या अंगास लावणें योग्य नव्हे! ज्या सम्राटाच्या करुणेंतून सुई निघाली, त्याच्याच गादीनें तिला दाराबाहेर काढलें. राहिलें तें काढे, गोळ्या आणि पुड्या यांचें वैद्यक, आणि त्याचें सर्वांत धारदार चित्र आपणांस मिळतें तें एका वाङ्मयकाराकडून.

लू शुन हा आधुनिक चिनी गद्याचा जनक. त्याचे वडील १८९६ मध्यें वारले, तेव्हां तो कोवळा पोर होता. चार वर्षांहून अधिक काळ तो जवळजवळ रोज गहाणवट्याच्या दुकानांत व तेथून औषधाच्या दुकानांत जात असे. पहिल्या दुकानाचा कठडा त्याच्या दुप्पट उंच, दुसऱ्याचा त्याच्या उंचीइतका. १९२६ मधील ‘वडिलांचें दुखणें’ या लेखांत तो प्रसिद्ध वैद्यांच्या चिठ्ठ्या सांगतो: रातकिड्यांची जोडी हवी, आणि तीही पहिल्यापासूनचीं नवरा-बायको असलेली, फुगलेल्या पोटावर जुन्या फाटक्या ढोलाच्या कातड्याची गोळी, कारण रोगाचें नांवच ‘ढोल-फुगी’. तें नांव ‘सू-वेन’मध्यें आहे. साम्यावरून कार्यकारण काढण्याची जी खोड तेथें तत्त्वज्ञानाच्या वस्त्रांत शोभत होती, ती दोन हजार वर्षांनीं एका घराचीं भांडींकुंडीं गहाण टाकवीत होती. लू शुन पुढें जपानांत वैद्यक शिकावयास गेला, तें या आठवणीमुळेंच. चिनी वैद्य जाणतां वा अजाणतां ठकच होत, हें त्याचें मत कडवट आहे आणि सरसकट आहे. त्यानें ग्रंथास नव्हे तर त्याच्या वारसांस न्यायासनापुढें उभें केलें. पण दुखणाइताच्या घरीं ग्रंथ येत नाहीं, वारसच येतो. म्हणून त्याच्या साक्षीचें वजन कमी होत नाहीं. १९२९ सालीं नानकिंगच्या सरकारनें जुन्या वैद्यकावर बंदी घालण्याचा ठराव केला तो याच पिढीच्या संतापांतून. वैद्यांनीं देशभर निषेध करून तो मागें घेण्यास लावला.

आज आपण ज्याला ॲक्युपंक्चर म्हणतों तें या संकटांतून नव्यानें घडविलेलें आहे. हें नांवही चिनी नव्हे. जपानांत राहिलेला डच वैद्य टेन राइन यानें १६८३ मध्यें सुई व टोचणें या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून तें बनविलें. चेंग दानआन या सुधारकानें १९३१ मध्यें ग्रंथ लिहून जुनीं स्थानें रक्तवाहिन्यांपासून दूर सरकविलीं आणि बारीक सुईस अग्रमान दिला. रक्त काढण्याची जुनी रीति मागें पडली. १९५१ मध्यें जू ल्येन या बाईंनीं ‘नवी सूचिचिकित्सा’ लिहिली, तींत सारें स्पष्टीकरण मज्जातंतूंचें होतें. नंतर चिनी सरकारचें धोरण फिरलें. १९५५ मध्यें पेकिंग येथें जुन्या वैद्यकाची संशोधन-संस्था आणि १९५६ मध्यें चार शहरांत महाविद्यालयें निघालीं, पाठ्यपुस्तकें लिहिलीं गेलीं, आणि परस्परविरोधी मतांच्या त्या अरण्यांतून एक नीटनेटका बगीचा तयार झाला.

पश्चिमेकडे त्याचें रूप आणखी पालटलें. फ्रेंच वकिलातीचा सुलिए द मोरां यानें १९३९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ‘ची’ या शब्दाचें भाषांतर ‘ऊर्जा’ असें केलें आणि वाहिनीस भूगोलांतील रेखांशाचें नांव दिलें. ‘ची’ म्हणजे मुळांत वाफ, श्वास, वारा, अन्नाचा अंश. आमच्या ‘प्राण’ किंवा ‘वात’ या शब्दांइतकाच तो लवचीक आहे. त्यास ‘ऊर्जा’ म्हटलें कीं विजेच्या यंत्राचा भास होतो. वाहिनीस ‘रेखांश’ म्हटलें कीं ती नदी राहत नाहीं, कागदावरची रेघ होते. शरीर उघडून वाहिनी शोधणाऱ्यास ती सांपडली नाहीं तरी रेघ कोणास खोटी ठरवितां येत नाहीं. एका शब्दाच्या भाषांतरानें शास्त्रास केवढें अभय मिळतें याचें हें उदाहरण आहे. १९४९ मध्यें इल्झा वाइथ या विदुषीनें ‘सू-वेन’च्या पहिल्या ३४ अध्यायांचें इंग्रजी भाषांतर केलें, संपूर्ण आणि सटीप भाषांतर उन्शुल्ड व टेस्सेनाउ यांचें, तें २०११ मध्यें आलें. तोंवर जग मूळ ग्रंथाविना त्याची कीर्ति वाचीत होतें. १९७१ च्या जुलैंत जेम्स रेस्टन या अमेरिकन वृत्तपत्रकाराचें आंत्रपुच्छ पेकिंगला काढलें तें नेहमींच्या बधिर करणाऱ्या औषधावर. नंतर पोटांत कळा आल्या तेव्हां कोपर व गुडघ्यांखालीं तीन सुया टोचल्या आणि त्यास आराम वाटला. त्यानें तसेंच लिहिलें. पण लोकांच्या तोंडीं त्याची शस्त्रक्रियाच सुईवर झाली.

मग या सुईनें बरें वाटतें कीं नाहीं? जर्मनींत १,१६२ कंबरदुखीच्या रोग्यांवर झालेला आणि २००७ मध्यें प्रसिद्ध झालेला प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. एका गटास शास्त्रोक्त स्थानीं सुया दिल्या. दुसऱ्यास शास्त्रांत नसलेल्या जागीं वरवर टोचल्या. तिसऱ्यास नेहमींचे औषध-व्यायामादि उपचार दिले. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांत ४७.६ टक्के, दुसऱ्यांत ४४.२ टक्के व तिसऱ्यांत २७.४ टक्के लोकांस गुण आला. २०१२ मध्यें २९ प्रयोगांतील सुमारें १८,००० रोग्यांची एकत्र पाहणी झाली. तींत जुनाट वेदनेंत खरी सुई खोटीपेक्षां थोडी सरस ठरली, पण फरक लहान. याचा सरळ अर्थ असा कीं, दुखण्यास कांहीं उतार पडतो. पण त्याचें श्रेय मुख्यत्वें ३६१ स्थानांच्या नकाशास देतां येत नाहीं. वेळ देऊन केलेला उपचार, स्पर्श, टोचण्याचा शरीरावरील परिणाम आणि अपेक्षा यांचा त्यांत मोठा वांटा असावा. पूजकांनीं या आंकड्यांतील पहिल्या दोहोंची जवळीक पाहावी, निंदकांनीं तिसऱ्याचें अंतर पाहावें. आणि दोघांनींही एवढें मान्य करावें कीं, कंबरदुखीवर जें चालतें तें कर्करोगावर चालेल असें म्हणण्यास यांत कवडीचाही आधार नाहीं.

जुना ग्रंथ वाचावा कसा, याचा धडा चीननेंच दिला आहे. हिवतापावर औषध शोधण्याच्या कामावर असतां तू योयो या संशोधिकेनें चौथ्या शतकांतील गे होंग याच्या उपचारसंग्रहांतील एक ओळ पाहिली. दवण्याच्याच कुळांतील एक वनस्पति पाण्यांत भिजवून, पिळून, रस प्यावा, असा तींतील आशय. उकळण्याचा उल्लेख नाहीं. उष्णतेनें गुण नष्ट होत असेल हें तिच्या मनांत आलें, आणि १९७१ मध्यें तिनें ईथर वापरून कमी उष्णतेवर अर्क काढला. तो माकडांवर व उंदरांवर तपासला, मग स्वतः घेतला, मग रोग्यांस दिला. त्यांतून निघालेल्या औषधानें असंख्य प्राण वांचविले, आणि २०१५ मध्यें तिला नोबेल पारितोषिक मिळालें. तिनें ग्रंथास नमस्कारही केला नाहीं आणि तो फेंकूनही दिला नाहीं. साक्षीदाराप्रमाणें त्याची उलटतपासणी केली. पुष्कळ साक्षीदार या तपासणींत फुटले, एक टिकला, आणि तो टिकला म्हणून त्याचा मान आहे.

‘नेइजिंग’विषयीं आमचें मत थोडक्यांत असें. विचाराच्या इतिहासांतील ग्रंथ म्हणून तो मोठा आहे. रोगास दैवी कोपांतून सोडविणारा, आपल्या हातून होणारी हानि न लपविणारा, आणि रयतेच्या दुःखापासून सुरुवात करणारा. शरीराचें वर्णन म्हणून तो आपल्या काळाचा आहे, आणि त्यास आजच्या चिकित्सेचें प्रमाणपत्र करणें हा त्याच्यावर अन्याय आहे. आमच्या घरच्या संहितांसही हाच न्याय लावावा लागेल. तेथें तो लावण्यास जे कचरतात त्यांनीं चिन्यांच्या सुईवर टीका करूं नये, आणि जे तेथेंही लावतात त्यांना चिनी सुईचें कौतुक करण्यास अडचण पडणार नाहीं. औषधाच्या दुकानाच्या कठड्याशीं टांचा उंचावून उभ्या असलेल्या त्या मुलास ग्रंथ किती जुना आहे हें जाणण्याची गरज नव्हती. त्याच्या बापास गुण येतो कीं नाहीं, एवढें कोणी तरी प्रामाणिकपणें सांगावयास हवें होतें. सम्राटानें प्रश्न विचारून ज्या ग्रंथास आरंभ केला, त्या ग्रंथास हा प्रश्न विचारणें म्हणजे त्याचा अपमान नव्हे.